चुलीची धग स्वयंपाकघरात कोंडते: कारण कसं शोधायचं आणि काय करायचं

तक्रार बहुतेक घरांतून एकसारखीच येते. सकाळी चूल ठीक चालते, अकरानंतर मात्र स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. पुढचा तपशील घरागणिक बदलतो. कुठे माजघराची भिंत दिवेलागणीपर्यंत तापलेली राहते, कुठे पंखा लावला की धूर खाली येतो, कुठे कौलं उतरवून पत्रे घातल्यापासून त्रास सुरू झाला. मग एक्झॉस्ट पंखा बसतो, त्यानंतर खिडकी मोठी होते, आणि पुढच्या चैत्रात तीच तक्रार पुन्हा. उष्णता नेमकी कुठून सांडते हे न पाहता केलेला उपाय एका मोसमापलीकडे टिकत नाही.

आधी हिशेब मांडू. बऱ्यापैकी वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण ४ युनिट विजेइतकी उष्णता असते. पेज, भात, आमटी, भाकरी एवढ्या रांधपाला दीड तासात दोन किलो लाकूड लागलं तर ८ युनिट झाली. साध्या मातीच्या चुलीत यातली जेमतेम १० ते १५ टक्के भांड्यात उतरतात. म्हणजे एक युनिट स्वयंपाक करतं आणि सात युनिट चुलीबाहेर पडतात. एक हजार वॅटचे साडेचार हीटर दीड तास चालू ठेवावेत, इतकी ही उष्णता आहे. आता हीच चूल २५ टक्क्यांवर आणली, तर तोच स्वयंपाक एका किलोत होतो आणि सांडणारी उष्णता सातावरून तीन युनिटांवर येते. कुठलाही पंखा एवढा फरक पाडू शकत नाही.

म्हणून आमचा आग्रह क्रमाचा आहे. आधी चुलीतून सांडणारी उष्णता कमी करा, उरलेली छपरातून वरच्या वर बाहेर जाऊ द्या, आणि पंख्याचा विचार सगळ्यात शेवटी करा. कोकण किनारपट्टीवर तर याला पर्यायच नाही. देशावर ओला पडदा किंवा कूलर लावून खोली गार करता येते, कारण तिथली हवा कोरडी असते. आपल्याकडे मे महिन्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. ओल्या पडद्यातलं पाणी फारसं उडत नाही, आणि जे उडतं त्याने दमटपणा वाढून घाम सुकायचा थांबतो.

तपासणी: चूल पेटल्यावर तासाभराने

पैसे खर्च करण्याआधी ही तपासणी करा. लागते एक उदबत्ती आणि आपला हात.

चुलीच्या तोंडासमोर दोन फुटांवर, कमरेच्या उंचीला तळहात धरा. चटका बसल्यासारखी झळ लागत असेल, तर उष्णता जाळातून आणि निखाऱ्यांतून थेट अंगावर येते आहे. चुलीचं तोंड मोठं आहे, किंवा लाकडं तोंडाशीच जळत आहेत.

हात डोक्याच्या वर नेऊन बघा. कमरेपाशी सुसह्य आणि वर भट्टी असेल, तर गरम हवेला वरून वाट नाही.

मग चुलीच्या बाहेरच्या अंगाला आणि मागच्या भिंतीला हात लावा. विस्तव विझल्यावर दोन तासांनी पुन्हा लावा. तेव्हाही भिंत तापलेलीच असेल, तर चुलीच्या अंगात आणि भिंतीत साठलेली उष्णता दुपारभर घरात उतरते आहे.

शेवटी उदबत्ती पेटवून तीन ठिकाणी धरा: दाराच्या उंबऱ्याशी, खिडकीच्या वरच्या कडेशी आणि चुलीच्या तोंडाशी. उंबऱ्याशी धूर आत ओढला जायला हवा, खिडकीच्या वरच्या कडेला बाहेर आणि चुलीच्या तोंडाशी आत. यातलं जे उलटं होतंय तिथे दोष आहे. ही चाचणी सकाळी सातला आणि दुपारी बाराला, अशी दोनदा करा. दोन्ही वेळचा निकाल वेगळा आला तर छपराचा भाग आधी वाचा.

चूल: सगळ्यात जास्त उष्णता इथेच सांडते

नेहमीच्या चुलीकडे नीट पाहिलं तर भांडं तीन उंचवट्यांवर टेकलेलं असतं आणि भांड्याचा तळ व चुलीची कड यांच्यात दीड-दोन इंच फट असते. जाळ भांड्याच्या तळाला लागतो न लागतो तोच त्या फटीतून बाहेर निसटतो. भांड्याची बाजू काळी होण्याऐवजी चुलीचा काठ आणि मागची भिंत काळी होते. काजळी कुठे बसते ते पाहिलं की उष्णता कुठे जाते ते कळतं.

धुराडं नसलेल्या चुलीत ही फट पाऊण इंचावर आणा. उंचवटे तासायचे नाहीत, चुलीचा काठ मातीने वर आणायचा. मग नेहमीच्या भांड्यात पाणी ठेवून जाळ करा. धूर तोंडातून पुढे येऊ लागला तर फट फार कमी झाली आहे, काठ थोडा खरवडा. जाळ भांड्याच्या कडेने वर चढताना दिसला पण काठाबाहेर फाकला नाही, म्हणजे बसलं. वेगवेगळ्या मापाची भांडी वापरत असाल तर सगळ्यात जास्त वापराचं भांडं धरून माप घ्या.

याच्या जोडीला भांड्याभोवती पत्र्याचं कडं लावा. २४ गेजचा साधा लोखंडी पत्रा, उंची ४ ते ५ इंच, भांडं आणि कडं यांच्यात सगळीकडून अर्धा इंच जागा. या अरुंद फटीतून वर जाणारा जाळ भांड्याच्या बाजूलाही उष्णता देतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा इथे वापरू नका, तापल्यावर त्यावरच्या जस्ताचा धूर होतो आणि तो अपायकारक असतो. पाणी तापवण्याचा हंडा आणि भाताचं तपेलं, दोन्हींसाठी दोन वेगळी कडी करून घेतली तर रोजच्या कामात अडचण येत नाही.

धुराडं असलेल्या चुलीचं गणित उलटं आहे. तिथे भांडं काठावर घट्ट बसलं पाहिजे, कारण जाळ आतल्या बोळातून वैलाकडे, म्हणजे चुलीला जोडलेल्या दुसऱ्या तोंडाकडे, आणि तिथून धुराड्यात जायचा असतो. भांड्याखाली फट राहिली की धुराडं तिथून थंड हवा ओढतं, ओढ कमी पडते आणि तोंडातून धूर येतो. वैलावर भांडं नसेल तर झाकण ठेवा. वैल उघडा टाकून धुराडं चालत नाही म्हणून कुरकुर करणारी घरं बरीच आहेत.

तोंडाची रुंदी पाच-सहा इंच आणि उंची चार-पाच इंच चार-पाच माणसांच्या स्वयंपाकाला पुरते. जुन्या चुलींची तोंडं हातभर असतात, कारण ओंडके न फोडता घालायची सवय असते. दोन्ही बाजूंना विटेचा तुकडा लावून माती लिंपली की तोंड अरुंद होतं. आतल्या बाजूला लोखंडी सळयांची जाळी टाका: ८ ते १० मिलिमीटरच्या सळया, मध्ये बोटभर अंतर, भुईपासून दोन-अडीच इंच वर. लाकूड जाळीवर, हवा जाळीखालून. निखाऱ्यांना खालून हवा मिळाली की जाळ स्वच्छ होतो आणि सारखी फुंकणी मारावी लागत नाही. जाळीपासून भांड्याच्या तळापर्यंत पाच-सहा इंच अंतर ठेवा. त्याहून कमी झालं तर जाळ पुरता जळण्याआधीच थंड भांड्याला लागून विझतो आणि काजळी धरतो. जाळीखालची राख रोज काढली नाही, तर जाळी असून नसल्यासारखी.

आता चुलीच्या अंगाबद्दल. चिऱ्याची किंवा जाड मातीची चूल पहिला अर्धा तास उष्णता स्वतःच पिते आणि नंतर दुपारभर ती घरात सोडत बसते. नवीन चूल घालणार असाल, तर आतली कड पातळ ठेवा, बाहेरची भिंत वेगळी घ्या आणि दोन्हींच्या मध्ये दोन इंच पोकळी ठेवून ती चाळलेल्या कोरड्या राखेने ठासून भरा. राखेतून उष्णता फार हळू जाते. वरून मातीने बंद करा, म्हणजे पाणी सांडलं तरी राख भिजणार नाही. भिजलेली राख उष्णता अडवत नाही.

आतल्या कडेची माती: वारुळाची किंवा चिकण माती दोन घमेली, भाताचं तूस एक घमेलं, शेण अर्धं घमेलं. पाणी घालून तीन दिवस मुरत ठेवा, रोज तुडवा. नुसत्या तांबड्या मातीची चूल तडकते. तूस जळून गेल्यावर त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि त्यांनीही धग अडते. घातलेली चूल आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या, मग पहिले दोन दिवस काटक्यांचाच छोटा जाळ. सिमेंटने आतून गिलावा करू नका. जाळाच्या तापात सिमेंट भुसभुशीत होऊन पापुद्रे सुटतात.

तयार सुटी चूल विकत घेत असाल, तर भारतीय मानक आयएस १३१५२ ची खूण आहे का बघा. या मानकात साध्या ओढीच्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला किमान ३५ टक्के कार्यक्षमता लागते. पंख्याच्या चुलीला लाकडाचे बारीक तुकडे करावे लागतात. तेवढी फोडाफोड रोज होणार नसेल तर साधीच घ्या.

लाकूड

ओल्या लाकडाचा तोटा दोनदा होतो. ४० टक्के पाणी असलेल्या एक किलो लाकडातून ४ ऐवजी पावणेतीन युनिटच्या आसपास उष्णता मिळते, आणि त्यातलं ४०० ग्रॅम पाणी वाफ होऊन स्वयंपाकघरातच पसरतं. धग कमी, घुसमट जास्त. शिवाय जाळ मंद म्हणून आणखी लाकडं घातली जातात.

तोडलेलं लाकूड फोडूनच रचायला हवं. अखंड ओंडका आतून सुकत नाही. मनगटापेक्षा जाड ढलपी चुलीला नको. ऐन, किंजळ, आंबा, सुरू यांपैकी सुरूचं लाकूड चांगलं तापतं, आंब्याचं लवकर जळून जातं. वाळलं की नाही हे ठरवायला एक ढलपी खुणेची ठेवून काट्यावर तोला, आठवड्याने पुन्हा तोला. वजन घटत असेल तर अजून ओल आहे. मार्चपासून उघड्यावर वाळवून आगोटीआधी, म्हणजे पाऊस लागण्याआधी, छपराखाली हलवा, पण बंद खोलीत नको. भुईपासून सहा इंच वर, भिंतीपासून थोडं सोडून, दोन्ही बाजू उघड्या.

चुडतं, म्हणजे नारळाची सुकी झावळी, पेटवणीपुरतं. त्याचा भडका पाच मिनिटांचा आणि सगळा भांड्याबाहेर. करवंट्या एकावेळी दोन-तीन, त्याहून जास्त टाकल्या तर जाळ काठाबाहेर येतो. सोडणं (नारळाची वरची सालं) पुरती वाळलेली नसतील तर नुसती धुमसतात. काजूच्या बियांची टरफलं घरातल्या चुलीत जाळू नका. त्यांतलं तेल कातडीला भाजतं आणि त्याचा धूर डोळ्यांना व छातीला सोसत नाही. किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडंही टाळा. त्यांतल्या मिठाने धुराड्याचा पत्रा लवकर खातो. रंग दिलेल्या फळ्या आणि प्लायवूड यांचा तर प्रश्नच नाही.

जाळताना दोन किंवा तीन लाकडं, फक्त टोकं जळतील अशी, आणि जळतील तशी आत सरकवायची. पाणी उकळलं की लाकूड मागे ओढा. जोरात उकळलं तरी पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, वाढते ती फक्त वाफ. झाकण ठेवा. उकड्या तांदळाची पेज किंवा कुळीथ, चवळीसारखं कडधान्य एक उकळी काढून झाकणासकट गवताच्या पेटीत ठेवलं, तर उरलेलं शिजणं चुलीशिवाय होतं. पेटीच्या चारही बाजूंना आणि वर चार इंच कोरडं गवत किंवा तूस हवं. कडधान्य आधी भिजवलेलं हवं, हे ओघानेच आलं.

विस्तव विझल्यावरची धग

भाकऱ्या झाल्या, चूल "बंद" झाली, आणि तरी तासभर खोली तापतच राहते. ती धग निखाऱ्यांची. लाकडातली बरीच उष्णता शेवटी कोळशात उरते आणि तो सावकाश जळत राहतो. जाड पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, चिमट्याने निखारे त्यात भरा, झाकण लावून डबा बाहेर पडवीत मातीच्या भुईवर ठेवा. हवा तुटली की पाऊण तासात कोळसा विझतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला येतो. डबा लाकडी फळीवर ठेवू नका आणि झाकण लगेच उघडून पाहू नका.

चुलीत पाणी ओतून विझवण्याची सवय मात्र मोडायला हवी. तापलेली माती तडकते, गरम राख उसळून हातापायावर येते, आणि वाफेने खोली आणखी कोंदते.

छप्पर आणि वारा

जुन्या घरांत नळ्याच्या किंवा मंगलोरी कौलांच्या फटींतून धूर आणि गरम हवा आपोआप झिरपून जायची. त्यासाठी वेगळी सोय कुणी केली नव्हती, कारण लागत नव्हती. गेल्या काही वर्षांत वानरांच्या उच्छादाने कौलं फुटतात म्हणून घरोघरी पत्रे आले. पत्र्याला फट नाही. त्याखाली पीव्हीसीचं सिलिंग ठोकलं की वरची वाट पुरती बंद होते. चूल तीच, लाकूड तेच, पण धग कोंडते ती इथे. चुलीच्या वर पीव्हीसीचं सिलिंग असेल तर तेवढा भाग काढाच. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि जळलं तर विषारी वायू सोडतं.

वरची वाट करताना जागा कुठली निवडायची, यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे रात्री आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो, तोही मंद. दहा-अकरानंतर समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी त्याला जोर चढतो. भोक पश्चिमेच्या उतारावर असेल, तर सकाळी धूर नीट जातो आणि दुपारी तोच वारा भोकातून आत घुसून धूर आणि धग खाली दाबतो. "अकरानंतर उभं राहवत नाही" याचं कारण पुष्कळ घरांत एवढंच असतं. वाट पूर्वेच्या उतारावर, आढ्याजवळ ठेवा. दुपारच्या वाऱ्याने त्या बाजूला ओढ तयार होते आणि गरम हवा खेचली जाते. पावसाळ्यातला झोडपणारा पाऊसही नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पूर्वेची वाट कोरडी राहते. आढं पूर्व-पश्चिम असेल आणि उतार उत्तर-दक्षिण पडत असतील, तर उत्तरेचा उतार घ्या.

आकार तीन-चार मंगलोरी कौलांएवढा, म्हणजे सुमारे दोन चौरस फूट. त्यावर सहा ते आठ इंच उंच चौकट उभारून पत्र्याची किंवा कौलांची छोटी टोपी घाला, चारही बाजूंना फूटभर पुढे आलेली. चौकटीला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, म्हणजे वानर, साप, घूस यांना वाट नाही. डासांची बारीक जाळी लावू नका, ती महिन्याभरात काजळीने बुजते. सुतार वासा कापायला निघाला तर थांबवा. दोन वाशांच्या मधल्या जागेत रिपा कापून एवढी चौकट सहज बसते.

वरून हवा जायची तर खालून तेवढीच यायला हवी. पश्चिमेकडे खिडकी असेल तर तिचा खालचा भाग उघडा ठेवा, नसेल तर भुईपासून फूटभरावर भिंतीत दोन जाळीची भोकं पाडा. चुलीच्या तोंडावर थेट वारा येईल अशी जागा नको, जाळ एका बाजूला पडून भांड्याबाहेर जातो.

पंख्याबद्दल थोडक्यात. छताचा पंखा वर साठलेली धग खाली आणतो, स्वयंपाक चालू असताना बंदच ठेवा. एक्झॉस्ट पंखा धुराडं नसलेल्या घरात, पूर्वेच्या भिंतीवर छपराजवळ असेल तर उपयोगी पडतो. धुराड्याच्या चुलीबरोबर एक्झॉस्ट लावला तर तो धुराड्यातूनच हवा खाली ओढतो आणि धूर घरात येतो. दोन्हींपैकी एकच.

पत्र्याच्या छपराला वरून उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला तर दुपारी फरक जाणवतो. नारळाचे झाप घालायचे असतील तर पत्र्याच्या वर, आणि धुराड्यापासून निदान चार फूट दूर. चुलीवर, पत्र्याच्या आत झाप बांधणं म्हणजे आगीला आमंत्रण.

धुराडं नीट ओढत नसेल तर

राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. त्या काळात बसवलेली आणि नंतर त्यांचं पाहून बांधलेली धुराडी गावोगाव आहेत. त्यांतली कित्येक नुसती काजळीने बुजलेली असतात. दोष शोधण्याआधी सफाई करा. काथ्याचा बोळा दोरीला बांधून वरून खाली ओढायचा, महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. धुराड्याच्या बुडाशी काजळी काढायला झाकणाचं तोंड नसेल तर ते आधी करून घ्या.

सफाईनंतरही धूर परततो, तेव्हा मापं तपासा. व्यास चार इंच, चुलीपासून टोकापर्यंत उंची निदान दहा फूट. टोक आढ्याच्या दोन फूट वर हवं. पागोळीच्या बाजूने काढलेलं बुटकं धुराडं खाऱ्या वाऱ्यात हमखास उलटं वाहतं, कारण वारा छपरावरून घसरत नेमका त्याच्यावर उतरतो. आडवा नळ नको, वळण घ्यावंच लागलं तर एकच आणि तिरकं. टोपी आणि नळाचं तोंड यांच्यात चार इंचांपेक्षा कमी जागा असेल तर टोपी उचला.

पहिला तीन-चार फुटांचा भाग भाजलेल्या मातीच्या नळाचा किंवा जाड लोखंडी पत्र्याचा, वरचा भाग स्टेनलेस स्टीलचा. खाऱ्या हवेत गॅल्व्हनाइज्ड नळ काही वर्षांत सांध्यांपाशी खातो, आणि चुलीजवळच्या तापात त्यावरचं जस्तही टिकत नाही. जुना ॲस्बेस्टॉस सिमेंटचा नळ असेल तर तो कापू, घासू किंवा फोडू नका, त्याचे तंतू फुफ्फुसात जातात. पीव्हीसी पाइप लावलेला दिसला तर आजच चूल बंद करा.

नळ वाशा-रिपांपासून दीड फूट दूर हवा. छपरात एवढी जागा मिळत नाही, तिथे नळ आणि लाकूड यांच्या मध्ये पत्रा लावा आणि पत्र्याच्या मागे एक इंच हवा मोकळी ठेवा. पत्रा लाकडाला चिकटवून ठोकला तर तो लाकूडच तापवतो. वर्षानुवर्षं तापलेलं लाकूड कमी तापातही पेटतं, म्हणून "इतकी वर्षं काही झालं नाही" हा भरवसा धरू नये.

चुलीमागच्या भिंतीलाही हीच युक्ती लागू पडते. भिंतीपासून इंचभर पुढे, वरखाली मोकळा, दोन-अडीच फूट उंच पत्रा उभा केला की मागून हवा वाहते आणि माजघराची भिंत तापत नाही. चूल शहाबादीच्या किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर असेल तर खाली विटांचा थर आणि दोन इंच राख घाला, नाहीतर फरशी तडकते.

धुराड्यात घरघर आवाज येऊन टोकातून ठिणग्या उडू लागल्या, तर आत काजळी पेटली आहे. लाकडं बाहेर ओढा, चुलीचं तोंड आणि वैल पत्र्याने बंद करून हवा तोडा, सगळ्यांना बाहेर काढा. धुराड्यात पाणी ओतू नका, तापलेला नळ फुटतो.

आंघोळीचं पाणी आणि भात उकडणं

गॅस आलेल्या घरांतही चूल पेटते ती मुख्यतः या कामांसाठी, आणि सगळ्यात जास्त लाकूड इथेच जातं. ही चूल स्वयंपाकघरात असण्याचं काहीच कारण नाही. परसात किंवा मागच्या पडवीत हलवा. तांब्याच्या बंबात जाळ पाण्याच्या मधून वर जातो, म्हणून उघड्या हंड्यापेक्षा लाकूड बरंच कमी लागतं. भात (साळ) उकडायची मोठी चूल अंगणातच, गवताच्या उडव्यांपासून आणि गोठ्यापासून दूर.

गॅस सिलिंडर चुलीच्या खोलीत ठेवू नका. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर भुईलगत पसरत थेट विस्तवापर्यंत पोचतो. जागेअभावी एकाच खोलीत राहावंच लागत असेल, तर चूल पेटलेली असताना सिलिंडरचा कॉक बंद.

पावसाळ्यात तक्रार उलटते

जूननंतर धग हवीशी होते, पण धूर निघत नाही. बाहेरची हवा दमट, धुराडं थंडगार, त्यामुळे पेटवताच धूर तोंडातून येतो. चूल पेटवण्याआधी धुराड्याच्या बुडाशी कागदाचा बोळा किंवा सुक्या झावळीची पेंडी जाळा. मिनिटभरात नळ तापतो, ओढ लागते, मग चूल पेटवा.

लाकूड वाळवायला चुलीला टेकवून रचू नका. दीड फूट अंतरावर, आठवड्यापुरतंच. चुलीवर टांगलेल्या बांबूच्या तट्ट्यावर आमसुलं, बियाणं, सुकी मासळी ठेवण्याची रीत चांगली आहे, तिथली धग वाया जात नाही आणि धुराने कीडही कमी लागते. तट्टा चुलीच्या काठापासून पाच फुटांच्या वर हवा आणि त्याखाली भडका होईल असं काही जाळू नये.

गारव्याला शेगडीत निखारे भरून निजायच्या खोलीत नेणं मात्र जिवावर बेततं. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, धूर दिसत नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. दारं-खिडक्या लावलेल्या घरात राखेखाली झाकलेला विस्तवही रात्रभर हा वायू सोडत राहतो. पावसाच्या झडीत वरची वाट गोणपाटाने बंद करायचा मोह होतो. विस्तव आत असेपर्यंत ती बंद करू नका, पाणी येत असेल तर टोपीचा पत्रा आणखी सहा इंच पुढे काढून घ्या.